लाखेचं सील आणि पडद्यावरचा तपास

कवठे महांकाळ तालुक्यातल्या इरळी गावाचं नाव मार्च २०२४ मध्ये राज्यभर गाजलं. मुंबई गुन्हे शाखेने कुर्ल्यात पकडलेल्या थोड्याशा मालाचा धागा धरला, तो सुरतमार्गे या गावाच्या शिवारात येऊन पोचला आणि तिथे एमडी म्हणजे मेफेड्रोन बनवण्याचा कारखाना सापडला. माल शंभर किलोंहून जास्त, किंमत अडीचशे कोटींच्या घरात. द्राक्षबागा आणि पाण्याची ओढाताण यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तालुक्याला ही बातमी पचायला वेळ लागला. छापा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मात्र सिनेमातलंच चित्र उभं राहतं. अधिकारी पुडी फाडतो, चिमूटभर पूड जिभेवर ठेवतो, मान हलवतो, आणि गुन्हा तिथेच सिद्ध होतो.

अनोळखी पूड जिभेवर ठेवणं हा जिवाशी खेळ आहे आणि न्यायालयात त्याला काडीची किंमत नाही. मेफेड्रोन अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं तेच २०१५ साली. ५० ग्रॅमच्या पुढचा साठा व्यापारी प्रमाणात मोडतो आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. त्यामुळे अशा छाप्यात पिस्तुलापेक्षा वजनकाटा महत्त्वाचा ठरतो. पंचांसमक्ष वजन करायचं, किटमधल्या रसायनाने प्राथमिक रंगचाचणी घ्यायची, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने काढायचे, प्रत्येक नमुन्यावर लाखेचं सील मारायचं, त्या सीलचा ठसा वेगळ्या कागदावर घ्यायचा. मग नमुना प्रयोगशाळेत जातो आणि गॅस क्रोमॅटोग्राफी, मास स्पेक्ट्रोमेट्री हे शब्द येतात. प्रयोगशाळेच्या अहवालातलं सीलचं वर्णन आणि पंचनाम्यातलं वर्णन यांत तफावत निघाली, की बचाव पक्षाचे वकील नेमकं तिथेच बोट ठेवतात. माल किती कोटींचा होता, हे मग कोणी विचारत नाही.

आपल्या गुन्हेकथांची, मग त्या पुस्तकातल्या असोत, मालिकेतल्या असोत वा सिनेमातल्या, खरी उणीव मला इथे दिसते. त्यांत विज्ञान शेवटी येतं आणि उत्तर सांगून जातं. प्रत्यक्षात विज्ञानाचं नशीब पहिल्या काही तासांत ठरतं, आणि ते ठरवणारे हात वैज्ञानिकांचे नसतात. ते असतात बीट हवालदाराचे, शवविच्छेदनगृहातल्या मदतनिसाचे, मुद्देमाल कारकुनाचे आणि झोपेतून उठवून आणलेल्या दोन पंचांचे. या माणसांकडे मराठी कलेने फारसं पाहिलेलंच नाही.

मागे वळून पाहिलं तर ही उणीव जुनी आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड धाडस, वेषांतर आणि हजरजबाबीपणा यांवर जिंकत. गुरुनाथ नाईकांच्या नायकांचंही तेच. त्या पुस्तकांनी खेड्यापाड्यांतल्या वाचनालयांत कितीतरी पिढ्यांना वाचायला लावलं, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर आहे. त्या कथांना प्रयोगशाळेची गरजच नव्हती. दूरदर्शनवर बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ आली तेव्हा मराठी प्रेक्षकाने प्रथमच पोलिसांचं रोजचं काम घरात बसून पाहिलं. त्यात शिवाजी साटम होते. पुढे त्याच सिंगांनी जानेवारी १९९८ मध्ये हिंदीत ‘सीआयडी’ आणली, साटम एसीपी प्रद्युम्न झाले आणि २०१८ पर्यंत मालिकेने दीड हजारांवर भाग ओलांडले. डॉ. साळुंखे हे पात्र तर या देशातल्या मुलांना माहीत झालेला पहिला न्यायवैद्यक तज्ज्ञ म्हणावा लागेल. गुन्ह्याच्या जागी नुसतं दरडावून चालत नाही, वस्तू उचलून तपासावी लागते, ही जाणीव या मालिकेने घराघरांत नेली. तिचं हे काम मोठं आहे.

पण साळुंखेंच्या प्रयोगशाळेत रांग नसते. विषशास्त्र, डीएनए, रक्तगट, बंदुकीची गोळी, हस्ताक्षर, सगळं एका टेबलावर आणि एकाच माणसाच्या हाती. खऱ्या प्रयोगशाळेत हे सारे वेगवेगळे विभाग असतात आणि डीएनए तपासणाऱ्याला विषाबद्दल मत देता येत नाही. मृत्यूची वेळ मालिकेत दहा ते बाराच्या दरम्यान अशी ठोकून सांगितली जाते. जयसिंग मोदींचं न्यायवैद्यकावरचं पाठ्यपुस्तक १९२० पासून या देशातल्या डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या हाती आहे. ते वाचलेला कुठलाही डॉक्टर साक्ष देताना तासांची मोठी मर्यादा सांगतो, कारण मे महिन्यातल्या सांगली-जतच्या उन्हात प्रेत लवकर ताठतं, लवकर सैलावतं आणि लवकर कुजतं. तो सांगतो ते संदिग्ध वाटतं, पण खरं तेच असतं.

अमेरिकेत ‘सीएसआय’ ही मालिका २००० साली सुरू झाली आणि ती पाहणारे ज्यूरी सदस्य प्रत्येक खटल्यात डीएनए मागू लागले, अशी चर्चा तिथे वर्षानुवर्षं झडली. आपल्याकडे ज्यूरी राहिलेली नाही. आपल्याकडे परिणाम होतो तो मृताच्या घरच्यांवर, वार्ताहरांवर, आणि सर्वांत वाईट म्हणजे नव्याने भरती झालेल्या पोलिसांवर. पडद्यावर रक्ताचा कपडा पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत टाकतात. तसं प्रत्यक्षात केलं तर ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि ज्या डीएनएसाठी एवढा खटाटोप केला तोच नासतो. रक्ताचा कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा असतो. हे साधं काम आहे आणि त्यासाठी जपानी यंत्र लागत नाही. मात्र ते दाखवणारं एकही दृश्य मला आपल्या मालिकांत आठवत नाही.

ऑगस्ट २०१६ मध्ये साताऱ्यातल्या वाईचं प्रकरण उघड झालं. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक स्त्री जूनमध्ये बेपत्ता झाली होती. तिचा शोध घेताना पोलीस डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाच्या धोमच्या फार्महाऊसपर्यंत पोचले आणि जमिनीतून देह निघू लागले. २००३ पासूनचे सहा खून, पाच स्त्रिया आणि एक पुरुष, असा पोलिसांचा आरोप आहे. साधन म्हणून नाव पुढे आलं ते स्कोलीन या इंजेक्शनचं.

इथे जरा थांबून त्या औषधाकडे पाहायला हवं. स्कोलीन म्हणजे सक्सिनिलकोलिन. शस्त्रक्रियेआधी श्वासनलिकेत नळी घालताना भूलतज्ज्ञ ते वापरतात. स्नायू काही मिनिटांसाठी पूर्ण सैल पडतात, श्वासाचेही, म्हणून त्या वेळी कृत्रिम श्वास द्यावाच लागतो. रक्तातलं एक विकर या औषधाचे झपाट्याने तुकडे करतं आणि उरतात ते सक्सिनिक आम्ल आणि कोलिन. ही दोन्ही द्रव्यं निरोगी माणसाच्या शरीरातही असतात. मग वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या सांगाड्यातून प्रयोगशाळेने काय सिद्ध करायचं? हाडं आणि दात यांतून डीएनए मिळू शकतो, तो नातेवाइकांशी जुळवून ओळख पटवता येते. मृत्यू कशाने झाला हे हाडं सहसा सांगत नाहीत. अशा खटल्यात सरकारी पक्षाला आधार घ्यावा लागतो तो दागिन्यांचा, फोनच्या नोंदींचा, जागा दाखवण्याच्या पंचनाम्याचा आणि माफीच्या साक्षीदाराचा.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस ‘झी मराठी’वर ‘देवमाणूस’ सुरू झाली. प्रेरणा वाईची, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. खटला तेव्हा न्यायालयात चालूच होता. प्रमुख भूमिकेतल्या किरण गायकवाडचं काम उत्तम होतं. सरूआजीच्या म्हणी लोकांच्या तोंडी बसल्या. गावाचा विश्वास डॉक्टर नावाच्या माणसावर कसा बसतो, ते मालिकेने फार चांगलं पकडलं. लाज, उधारी, एकटेपणा आणि गुपित सांगायला कुणीतरी हवं असण्याची गरज, एवढं सगळं त्या विश्वासात असतं. पण इंजेक्शनची सुई दिसली की पार्श्वसंगीत वाढायचं आणि भाग संपायचा. त्या सुईने न्यायालयापुढे जो पेच उभा केला, तो पेच मालिकेला नको होता. मालिकेचा पुढचा भाग आला, त्यानंतर आणखी एक आला. पुरावाच उरू नये अशा साधनाने खून झाला असेल तर सत्य कसं शोधायचं, हा प्रश्न नाटककाराला किंवा कादंबरीकाराला वर्षभर पुरेल असा आहे. तो आपण हातचा घालवला, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आणि हा प्रश्न महाराष्ट्रात पूर्वीच एकदा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या विधवा बाईंना त्यांचे डॉक्टर अनंत चिंतामण लागू १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री उपचारासाठी म्हणून रेल्वेने मुंबईला घेऊन निघाले. पहाटे त्या बेशुद्धावस्थेत जी. टी. रुग्णालयात पोचल्या, तेही वेगळ्याच नावाने. काही तासांत त्या गेल्या. मधुमेहाची मूर्च्छा असं कारण नोंदलं गेलं. देहावर कुणी हक्क सांगितला नाही आणि तो वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या विच्छेदनासाठी जाण्याच्या बेतात होता. शवविच्छेदन झालं ते दहा दिवसांनी, आणि रासायनिक विश्लेषकाला विष सापडलं नाही. इकडे लक्ष्मीबाईंनी लग्न करून दूर संसार थाटल्याची पत्रं नातेवाइकांना येत राहिली आणि त्यांची मालमत्ता डॉक्टरांकडे वळत गेली.

डिसेंबर १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी कायम केली. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिलं. त्याचा आशय असा, की विष देणारा जर स्वतःच विषाचा जाणकार असेल तर विष सापडलंच पाहिजे असा हट्ट धरता येणार नाही. बाकीची परिस्थिती आणि आरोपीचं वागणं मिळून दुसरा कुठलाही अर्थ उरत नसेल, तर दोष सिद्ध होतो. न्यायमूर्ती सरकार यांना हे पटलं नाही. त्यांचं भिन्न मतही तितक्याच गांभीर्याने वाचावं, कारण एका माणसाचा जीव त्या मतभेदावर टांगलेला होता. प्रयोगशाळा गप्प आहे आणि तीन न्यायमूर्ती तिच्या गप्पपणाचा अर्थ लावत आहेत, यापेक्षा मोठं नाट्य मला तरी माहीत नाही.

उलट बाजूही आपल्याच सांगली जिल्ह्यात दिसली. जून २०२२ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळला एकाच कुटुंबातले नऊ जण दोन घरांत मृत सापडले. चिठ्ठ्या मिळाल्या, त्यांत सावकारांची नावं होती. सावकारी जाचातून सामूहिक आत्महत्या, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं आणि धरपकडही झाली. आठवड्याभरात पोलिसांनी सांगितलं, की गुप्तधनाच्या आमिषाने पैसे घेतलेल्या मांत्रिकाने विष देऊन केलेले हे खून आहेत. व्हिसेरा म्हणजे जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड हे मिठाच्या संपृक्त पाण्यात बुडवून बाटल्यांत भरलेले भाग. त्यातून विषाचं नाव कळू शकतं. ते विष स्वतः घेतलं की दुसऱ्याने दिलं, हे बाटली सांगू शकत नाही. ते सांगतात सीसीटीव्ही, फोन, पैशाचे व्यवहार, चिठ्ठीची भाषा आणि कपात शेवटचा चहा ओतणारा हात. तपास करणाऱ्याने पहिल्या दिवशीची गोष्ट खरी मानून हात झटकले असते, तर विज्ञानाला विचारायला प्रश्नच उरला नसता.

सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द कवठे महांकाळ शहरात आयकर अधिकारी असल्याची बतावणी करून एक टोळी एका डॉक्टरांच्या घरात शिरली आणि दागिने-रोकड घेऊन गेली. बातम्यांत लगेच ‘स्पेशल २६’ या २०१३ च्या हिंदी सिनेमाचं नाव आलं. तो सिनेमा मार्च १९८७ मध्ये मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या सराफी पेढीवर पडलेल्या बनावट सीबीआय छाप्यावरून सुचलेला. तेव्हाचा सूत्रधार कधीच सापडला नाही. आज गल्लीबोळांत कॅमेरे आहेत. पण कॅमेऱ्याची चित्रफीत म्हणजे पुरावा नव्हे. डीव्हीआर जुनं चित्रण काही दिवसांत पुसून त्यावर नवं लिहितो, म्हणून ते वेळेत ताब्यात घ्यावं लागतं आणि कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असा २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही महाराष्ट्रातलाच, जालन्याच्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या वादातला.

प्रयोगशाळांचंच एकमत होत नाही तेव्हा काय होतं, तेही आपण पाहिलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला तेव्हा राज्याचे गृहमंत्री होते आर. आर. पाटील, म्हणजे आमचे आबा, तासगाव-कवठे महांकाळचे आमदार. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी आबा गेले, आणि त्याच दिवशी सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आमच्या भागाने ही तारीख दुहेरी दुःखाने लक्षात ठेवली आहे. दाभोलकर, पानसरे आणि कर्नाटकातले विचारवंत कलबुर्गी यांच्या हत्यांत वापरलेल्या शस्त्रांबद्दल मुंबईच्या कालिना प्रयोगशाळेचं आणि बंगळूरच्या प्रयोगशाळेचं मत जुळेना. गोळ्या आणि पुंगळ्या स्कॉटलंड यार्डकडे पाठवण्याची गोष्ट निघाली, ती परदेशाशी कायदेशीर करार नसल्याने बारगळली आणि नमुने गुजरातकडे वळवावे लागले. या सगळ्यात वर्षं गेली. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना सोडलं. दोष सिद्ध व्हायला मोठा आधार झाला प्रत्यक्षदर्शींचा, आणि त्यांत पुणे महापालिकेचा एक सफाई कर्मचारी होता. पुंगळीवरच्या ओरखड्यांबद्दल दोन तज्ज्ञांचं दुमत होऊ शकतं, हे पडद्यावर कधी दिसत नाही. इतक्या वर्षांनंतर न्यायालयात उभं राहून, हाच तो, असं सांगायला लागणारं धैर्यही दिसत नाही.

एका अपवादाचं नाव आवर्जून घेतो. चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ हा २०१४ चा चित्रपट. गटारात उतरलेला एक कामगार मरतो आणि एका लोकशाहिरावर, त्याच्या गाण्याने ही आत्महत्या घडली, असा आरोप ठेवला जातो. त्या कामगाराची बायको साक्षीत सांगते, की तो आधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजून उतरायचा. विषारी वायूबद्दलचं एवढं अचूक, एवढं भयंकर न्यायवैद्यक निवेदन मी दुसऱ्या कुठल्याही भारतीय चित्रपटात ऐकलेलं नाही. पोलिसांचा ठरलेला पंच, तारखांवर तारखा, कागद न आल्याने तुरुंगात राहणारा माणूस, हे सगळं त्यात संगीताविना, आरडाओरड्याविना येतं. थिएटरात तो फार चालला नाही. पण तपासाचं आणि खटल्याचं खरं रूप पाहायचं असेल तर तोच पाहावा.

कारण हलगर्जीपणाची किंमत कल्पनेतली नाही. ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये एका लहान मुलीवर अत्याचार होऊन तिचा खून झाला. आरोपीला फाशी झाली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. नमुने पाठवण्यात झालेल्या विलंबाचा खुलासा नव्हता, ते कुणाच्या ताब्यात कसे राहिले याची साखळी पुरी होत नव्हती, म्हणून डीएनए अहवालावर विसंबता येईना. म्हणजे एक तर निरपराध माणूस फाशीच्या छायेत वर्षं काढून बाहेर आला, नाही तर अपराधी सुटला. दोन्हींतलं काय घडलं, हे त्या मुलीच्या आईबापांना आता कोण सांगणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आणि चित्रीकरण करणं बंधनकारक केलं आहे. त्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कायदा चांगला आहे. कवठे महांकाळसारख्या तालुक्यात तो चांगला ठरायचा तर गाडी वेळेत पोचली पाहिजे, तोवर दोरी बांधून गर्दी आवरणारा शिपाई शिकलेला पाहिजे, आणि मुद्देमालाच्या खोलीत कागदी पाकिटं, कोरडी कपाटं आणि चालू असलेला फ्रिज पाहिजे. प्रयोगशाळांतली रिकामी पदं भरली पाहिजेत. यांतलं एकही काम पडद्यावर टाळ्या मिळवणारं नाही, आणि सगळी कामं पैशाने होणारी आहेत.

मराठीत मालिका आणि चित्रपट लिहिणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढची गुन्हेकथा लिहिण्याआधी जिल्हा न्यायालयात जाऊन एका खुनाच्या खटल्यात मुद्देमाल कारकुनाची उलटतपासणी पुरी ऐका. बाटली कधी आली, कुठे ठेवली, कुणी नेली, सील शाबूत होतं का, हेच चार प्रश्न त्याला पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्याने काय उत्तर दिलं त्यावर कुणाला तरी जन्मठेप होते किंवा कुणी तरी घरी जातं. ती उत्तरं लिहा.